रेंज भिंतीपाशी येते

माझं नाव गयाबाई, माहेर रेणापूरकडचं. शाळा चौथीपर्यंत, कारण आमच्या गावात शाळाच तेवढी होती, पाचवीला ओढा ओलांडून जावं लागायचं, मग माय म्हणाली बास झालं, सही येती, पाटी वाचता येती, आणखी काय राज्य करायचंय. मला वाईट वाटलं असंल, पण मी बोलले न्हाई. माझं बोलणं पहिल्यापासून कमीच. पाहुणे आले की मी कणगीच्या मागं जाऊन बसायची. सासरचे बघायला आले तवा नाव विचारलं, तर तोंडून शब्द निघंना. सासरे म्हणाले, मुकी हाय का पोरगी. माझी मोठी बहीण आतून म्हणाली, मुकी न्हाई मामा, जपून वापरते. सगळे हसले, आणि हसण्यातच लग्न ठरलं. ह्यांनी तवा माझ्याकडं बघितलं असंल, मी काय वर मान केली न्हाई.

सासरचं गाव किल्लारीच्या अलीकडं, पांढरीवर, म्हणजे जुन्या उंचवट्यावर वसलेलं. दगडमातीची घरं, दोन हात रुंद भिंती, आणि एकाच्या भिंतीला दुसऱ्याची भिंत लागलेली. मला ते गाव लई मानवलं, का तर तिथं बोलावं लागत नसायचं. मीठ संपलं की भिंतीवर वाटी वाजवायची, पलीकडची समजून जायची. ताप आला, पाहुणा आला, भांडण झालं, सगळं भिंतीतून कळायचं.

भूकंपाचं मी सांगत न्हाई ताई. सगळ्यांनी सांगून झालं, कागदावर येऊन झालं. एवढंच सांगते, मी आणि माझी सुरेखा, तीन वर्षांची, भिंतीच्या कडंला झोपलो होतो. मला ह्यांनी ओढून काढलं. तिलाही ह्यांनीच काढलं, पण उशिरा.

त्यानंतर आम्हा दोघांना दोन खोडी लागल्या. माझी अशी की मी भिंतीजवळ जात न्हाई. पत्र्याच्या शेडमध्ये होतो तवर ठीक होतं, पण पुढं सरकारनं घरं दिली, सिमेंटची, पडणार न्हाईत म्हणाले, इंजिनियर लोकांनी हातानं थापटून दाखवली. मी म्हणलं असतील. पण माझी बाज खोलीच्या मधोमध. अजून मधोमधच हाय, रोज कुणाचा तरी पाय लागतो, सून कुरकुर करते, पण न्हाई. कुणाच्या लग्नात गेले तर मांडवाच्या मधी बसते. आणि ह्यांची खोड अशी की रोज दिवे लागले की माणसं मोजायची. मोठ्यानं न्हाई, बोटांवर. दारात उभं राहून, ही, तो, म्हातारी, गुरंसुद्धा. बेरीज जुळली की मगच चप्पल काढून आत येणार. कुणी अजून शेतात असलं तर हे दारातच. जेवण निवून जायचं, पण मी कवा म्हणले न्हाई की या. मी भिंतीला भिऊन राहिले होते, हे मोजून राहिले होते, कुणी कुणाला काय म्हणायचं.

मनीषा शेडमध्ये झाली, भूकंपाच्या दुसऱ्या साली, तिच्या पाठीवर दोन वर्षांनी पोरगा. मनीला मी लहानपणी सांगितलंच न्हाई की तुझ्या आधी एक होती. गावातून तिला कळलं असंल. तिनं विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई.

नवं गाव जुन्या गावापासून दोन किलोमीटर, खालच्या अंगाला, खोलगट जागी. घरं रांगांत, रस्ते हे एवढाले रुंद, बैलगाडी आडवी लावून गोल फिरवा. पण शेजारणीला हाक मारायची तर घसा फाडून वरडावं लागायचं, आणि मला कुठं वरडता येतंय. त्या गावात मी आठ आठ दिवस कुणाशी बोलायची न्हाई. एकच बाई माझ्याकडं यायची, हलिमाभाभी. तिचे मालक पिंजारी, गाद्या-रजया भरायचे, गावोगाव फिरायचे, आणि भाभी घरी एकटी, म्हणून माझ्या ओसरीवर येऊन बसायची आणि दोघींचं बोलणं एकटीच बोलायची. म्हणायची, अगं गया, कुछ तो बोल, जबान को जंग लगेगा.

आता फोनचं ऐका. सगळीकडं मोबाईल आले, बाजारात भाजीवालीच्या कमरेला मोबाईल, पण आमच्या नव्या गावात रेंज म्हणून न्हाई. टॉवर किल्लारीच्या बाजूला, आणि आम्ही बसलेलो खड्ड्यात. पोरांनी फोन घेतले ते गाणी ऐकायला. मग एक दिवस काय झालं, आमच्यातले एक म्हातारे आबा जुन्या गावात शेळ्या चारत होते. त्यांच्या लेकानं पुण्याहून फोन पाठवलेला, तो कवा वाजलाच नव्हता, आबा खिशात घालून फिरायचे दागिन्यासारखा. तो एकदम खिशात थरथरला. आबांनी शेळ्या सोडल्या, धोतर हातात धरलं आणि हाललं, हाललं, पळा रं, असं वरडत नव्या गावापर्यंत आले. सगळं गाव घराबाहेर. बाया लेकरं काखंत मारून रस्त्याच्या मधी. मग कळलं फोन आला होता, लेकाचा. लई हसलं गाव. दोन दिवस हसलं. पण हसताना मी बघत होते, कुणीबी लगेच घरात गेलं न्हाई.

असं जुन्या गावात रेंज सापडली. तिथं सगळं पडलेलं, दगडांचे ढीग, त्यावर तरवड आणि बाभळी, फक्त जुन्या शाळेची एक भिंत उभी. मागची. का उभी राहिली कुणाला माहीत. त्या भिंतीला पाठ लावून उभं राहिलं की फोनमध्ये चार रेघा, आणि वीस पावलं इकडं आलं की एक, कवा तीबी न्हाई. मग आईतवारी तिथं रांग लागायची. वर चढताना माणसं कशी चढायची सांगू, जुन्या गल्लीतूनच. गल्ली न्हाई, घरं न्हाईत, सगळा दगडच दगड, पण सरळ कुणी जायचं न्हाई, कारण सरळ गेलं तर कुणाच्या तरी घरातून जावं लागलं असतं. गल्लीच्या वळणावर वळायचे, आणि भिंतीपाशी चपला काढायच्या. असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तिथं गुपित काय राहायचं न्हाई. एकाचा फोन दहा जण ऐकणार. एकजण म्हैस गाभण हाय म्हणून पुण्याला सांगायचा, तर मागचा म्हणायचा, अरं त्याला सांग पैसे पाठव, म्हशीचं काय सांगतो. मी हे सगळं हलिमाभाभीकडून ऐकायची. मी स्वतः गेले नव्हते. भूकंपानंतर त्या पांढरीवर मी पाय ठेवला नव्हता. ह्यांनीसुद्धा. आमचं शेत जुन्या गावाला लागून, पण हे लांबून ओढ्याकडनं वळसा घालून जायचे, एवढी वर्षं.

मनी दहावीला शाळेत पहिली आली. मुख्याध्यापक घरी आले, म्हणाले हिला लातूरला घाला, सायन्सला, क्लासला, पोरगी डॉक्टर होईल. त्या टायमाला लातूरचं नाव सगळीकडं, आख्ख्या मराठवाड्यातली पोरं लातूरकडं. इकडं ह्यांच्या बहिणीनं उदगीरकडचं स्थळ आणलेलं, पोरगा कारखान्यात, चांगलं घर. ह्यांनी दोन दिवस ना मुख्याध्यापकांना हो म्हणलं, ना बहिणीला. मनी चुलीपाशी बसून माझ्याकडं बघायची, आई तू बोल. तिसऱ्या दिवशी मी ताट वाढताना बोलले, तिला जाऊ द्या. एवढंच. माझ्या लग्नानंतर मी ह्यांना मागितलेलं ते पहिलंच.

हे जेवत राहिले. मग म्हणाले, मी रोज मोजतो तुला माहीत हाय. तिथं गेली तर मी कशी मोजू. म्हणून दर आईतवारी तिचा आवाज आला पाहिजे. एक आईतवार चुकला की मी सोमवारी जीप धरून जाणार आणि तिला घेऊन येणार, मग उदगीरचं बघू. मी म्हणलं आवाज कसा येणार, रेंज तर वर हाय. हे म्हणाले, मी न्हाई जायचा तिथं. तिला पाठवायची तुला हाय, तर तू जा.

मग काय सांगू तुम्हाला, मी गेले. गल्लीतून चढताना आमचं दार कुठं होतं ते मी बघितलं न्हाई, पायाकडं बघत गेले. पण भिंत दिसली आणि पाय थांबले ते थांबलेच. वीस पावलांवर एक बाभळ होती, तिथं बसले. भाभी म्हणाली चल. मी मान हलवली. ती समजली. बाई बडबडी होती, पण जिथं समजायचं तिथं समजायची. म्हणाली, तू बस, मी उभी राहते.

मनीकडं फोन नव्हता, रूममालकीण पोरींना फोन ठेवू द्यायची न्हाई. ती कोपऱ्यावरच्या दुकानातल्या रुपयाच्या डब्यावरून फोन करायची, आईतवारी दहाला, भाभीच्या नंबरावर. भाभी भिंतीपाशी उचलायची आणि तिथनंच मला वरडून सांगायची, मनी म्हणते जेवली, मनी म्हणते फिजिक्स अवघड हाय, मनी म्हणते लोणचं संपलं. मी इकडून हळू काहीतरी म्हणायची, भाभी ते तिकडं मोठ्यानं म्हणायची, आणि त्यात स्वतःच्या चार गोष्टी घालायची. रांगेतले लोक म्हणायचे, लेक हिची आणि आई ती. एकदा भाभीनं फोन घेऊन माझ्याकडं पळत यायचं बघितलं, आठ पावलांवर तुटला. मग आम्ही तसंच चालवलं. मला मनीचा आवाज भाभीच्या तोंडून ऐकायची सवय लागली. घरी आले की हे विचारायचे, आवाज आला का. मी म्हणायची आला. हे मोजताना आणखी एक बोट दुमडायचे.

दिवाळी झाली, संक्रांत झाली, पोरीची अकरावी संपत आली. आणि भाभीच्या लेकीचं बाळंतपण आलं, नांदेडला. भाभी महिनाभरासाठी निघाली. जाताना फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, जावयाकडं हाय की फोन, हा तुझ्यापाशी ठेव, मनीला सांगितलंय मी. हिरवं दाबलं की बोलायचं, लाल दाबलं की बंद, आणि हे दाबलं की आवाज बाहेर मोठा येतो. आणि गया, भिंतीपाशी जा. तिथंच लागतो. मी हाव म्हणलं.

आईतवारी गेले. भिंतीपाशी तीन माणसं होती, ती गेल्यावर मी उठले. पाच-सात पावलं टाकली. भिंतीत एक भेग हाय, वरून खाली आलेली, ती दिसली. माघारी फिरले. बाभळीखाली बसून फोन बघितला तर एक रेघ होती. म्हणलं हाय की, जीव हाय, वाजंल. दहा वाजले, अकरा वाजले, सावली पायाखाली आली. वाजला न्हाई. मला वाटलं पोरीला परीक्षा असंल. घरी आले. हे दारात. आवाज आला का.

मी म्हणलं आला. ताई, मी आयुष्यात कुणाला खोटं बोलले नव्हते. खोटं बोलायला आधी बोलावं लागतं, मी बोलतच नसायची. आणि त्या दिवशी कसं सरळ निघालं तोंडातून, आला, बरी हाय, लोणचं मागितलंय. लोणच्याचं कशाला जोडलं ते मलाच कळलं न्हाई. ह्यांनी बोट दुमडलं आणि आत आले.

दुसरा आईतवार, तसाच. एक रेघ, जायची, यायची. भिंतीपाशी फोनवर असलेला एकजण म्हणाला, वहिनी इकडं या, तिथं न्हाई लागत. मी म्हणलं लागतोय. तो खांदे उडवून गेला. फोन वाजला न्हाई. घरी आले, आला म्हणलं. तिसरा आईतवार, तसाच.

ते तीन आठवडे माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. भाकरी थापताना मी थांबायची, मनी आजारी असंल. पाणी भरताना थांबायची, कुणी काही केलं असंल, एवढं मोठं शहर. कुणाला सांगू, ह्यांना सांगितलं तर सोमवारी जीप. न सांगावं तर पोरगी कुठं हाय तेच माहीत न्हाई, आणि माझ्या शब्दावर हा माणूस रोज मोजून जेवतोय. तिसऱ्या आईतवारच्या रात्री मी बाजेवर बसूनच होते. तवा ठरवलं. सोमवारी सकाळी ह्यांना म्हणलं माहेरला जाऊन येते, मायला बरं न्हाई. हे चौथं खोटं.

किल्लारीतनं जीप धरली. लातूरला मी एकटी कवा गेले नव्हते. जीपवाल्यानं गंजगोलाईला उतरवलं. तिथं गोल रस्ता आणि त्याला चौफेर फाटे फुटलेले, आणि सगळ्या फाट्यांना माणूसच माणूस. मनीनं सांगितलेला पत्ता एवढाच, पाण्याच्या टाकीमागं क्लास हाय. एका भाजीवाल्या म्हाताऱ्याला विचारलं टाकी कुठं हाय, तो म्हणाला, कोणती टाकी मावशी, लातूरला टाक्याच लई, पाणीच न्हाई. मी पाट्या वाचत निघाले. चौथीची शाळा त्या दिवशी कामाला आली. क्लास, क्लास, क्लास, सगळं तेच लिहिलेलं, आणि दोन मजले उंच बोर्ड, त्यावर पोरापोरींचे शंभर शंभर फोटो, खाली मार्क. मी वेडी, त्या फोटोंत मनी दिसती का बघत राहिले. तिची तर अजून अकरावी चालली होती.

तिसऱ्या टाकीमागं क्लास सापडला. चार मजली. दारावरच्या रखवालदाराला नाव सांगितलं, तो म्हणाला आत येऊन ऑफिसात विचारा. मी वर बघितलं, चार मजले. म्हणलं न्हाई, मी इथं थांबते. आणि थांबले कुठं, तर रस्त्याच्या मधोमध. रिक्षा हॉर्न मारायच्या, एक स्कुटरवाला म्हणाला, मावशी मरायचंय का. रखवालदार वरडला, अहो बाई, भिंतीच्या सावलीला तरी या. मी हातानं न्हाई म्हणलं. पोरं खिडकीतून बघून हसायला लागली, रस्त्यात कोणतरी बाई उभी हाय म्हणून. तसं मनीनं खिडकीतून बघितलं. ती मला सांगते, आई मी चेहरा नंतर बघितला, आधी रस्त्याच्या मधी उभी राहणारी बाई बघितली आणि कळलं.

पळत खाली आली. वाळलेली. मला धरलं आणि पहिला शब्द काय, आण्णांनी लग्न ठरवलं ना. मी म्हणलं कुणाचं. ती म्हणाली, मग फोन का घेत न्हाईस. तीन आईतवार मी दर अर्ध्या तासाला लावते, दुकानदार शिव्या द्यायला लागला, आणि ती बाई एकच बोलते, संपर्कक्षेत्राच्या बाहेर, संपर्कक्षेत्राच्या बाहेर. मला वाटलं आण्णांनी फोन काढून घेतला, आता न्यायलाच येणार. मी रूममालकिणीला सांगून टाकलं, महिनाअखेरीला रूम सोडते. मग कशाला शिकायचं म्हणून मी वह्या बांधून ठेवल्या, दोन टेस्ट दिल्याच न्हाईत, क्लासवाल्यांनी मला शेवटच्या बॅचला टाकलं, तिथं नुसती येऊन बसते.

मला रस्त्यात बसावंसं वाटलं. ती तिकडं रोज वाट बघत होती जीपची, मी इकडं वाट बघत होते फोनची, आणि मधी वीस पावलं. फक्त वीस पावलं. मी म्हणलं, मने, मी भिंतीपाशी गेले न्हाई. ती म्हणाली का. मग तिथंच, रिक्षांच्या आवाजात, मी तिला सुरेखाचं सांगितलं. पहिल्यांदा. कुठं झोपलो होतो, हात कुठं होता, ह्यांनी आधी कुणाला काढलं. मनी ऐकत राहिली. सांगून झालं तवा म्हणाली, आई, आपण रस्त्याच्या कडंला तरी जाऊ. मग आम्ही दुभाजकावर बसलो, तिनं मला रसवंतीतनं उसाचा रस आणून दिला, आणि मी तिला म्हणलं वह्या सोड. रूम सोडू नको. येत्या आईतवारी फोन कर, मी घेते.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. लपवायचं आता अंगात राहिलं नव्हतं. ह्यांनी ऐकून घेतलं. वरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, मी तीन आठवडे चुकीचं मोजलं. तू मला चुकीचं मोजायला लावलंस. ती तिथं हाय का न्हाई मला माहीत नव्हतं, आणि मी जेवलो. म्हणाले, आता तुझ्या शब्दावर न्हाई. ह्या आईतवारी मी येणार, मी स्वतः ऐकणार. न्हाई आला आवाज, तर सोमवारी जीप.

आईतवारी सकाळी हे पुढं, मी मागं. ओढ्याकडनं वळायची जागा आली तिथं हे थांबले. मी पुढं झाले. मागं पावलं ऐकू येत होती, म्हणजे येत होते. गल्लीतून चढले, वळणावर वळले, ह्यांची पावलं एका जागी थांबली. ती जागा मला ठाऊक होती, तिथं आमचं दार होतं. मी मागं बघितलं न्हाई. थोड्या वेळानं पावलं परत वाजली.

बाभळीपाशी हे उभे राहिले, तोंड शेताकडं करून. मी चप्पल काढली. ती वीस पावलं मी मोजून टाकली, माझी खोड नव्हती ती, ह्यांची. भेग जवळ आली तशी मोठी दिसायला लागली, आत मुंग्या होत्या, वर एक सरडा होता. मी पाठ फिरवली आणि टेकवली. उन्हानं भिंत तापलेली. मला कळंना मी हलतेय का ती हलतेय. डोळे झाकले न्हाई, झाकले असते तर पळाले असते. फोन दोन्ही हातांत धरलेला. रांगेत चार-पाच माणसं होती, ती बाजूला सरली. त्या सगळ्यांना माहीत होतं मी कोण आणि का ते.

दहा वाजून गेले. वाजंना. ह्यांनी एकदा वळून बघितलं. मग वाजला. हिरवं दाबलं. मनीचा आवाज, खरा, भाभीच्या तोंडचा न्हाई, आई, आई आहेस का. आणि हे वीस पावलांवर, ह्यांना काय ऐकू येणार. मोठ्या आवाजाचं बटण कोणतं ते मला आठवंना, मी दाबलं ते भलतंच, मग तोंडातनं आवाज निघाला, असा निघाला की बाभळीवरची पाखरं उडाली. मने, मोठ्यानं बोल, आण्णा हाईत! रांगेतला एकजण पुढं झाला, माझ्या हातातला फोन न घेता नुसतं एक बटण दाबलं, आणि पोरीचा आवाज त्या दगडांवर पसरला. आण्णा, मी मनीषा. मी बरी हाय. आण्णा, ऐकू येतंय का.

हे बाभळीपासून निघाले आणि भिंतीपाशी आले. फोनकडं बघून मान हलवली. मनी विचारत राहिली, ऐकू येतंय का. मी म्हणलं, येतंय, मान हलवतायत. मग ह्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, लोणचं पाठवतो. रुपया संपला, फोन तुटला. सोमवारी जीप गेली, पण ह्यांना न घेता, लोणच्याची बरणी घेऊन गेली.

पुढं सव्वा वर्ष मीच भिंतीपाशी उभी राहिले. सवय झाली म्हणणार न्हाई, दर वेळी आधी भेग वाढलीय का बघायची, मग उभी राहायची आणि बोलायची. भाभी नांदेडहून आली, तिनं ऐकलं, म्हणाली, हाय अल्ला, गया, इतना चिल्लाती तू, माझं काय काम राहिलं.

मनी डॉक्टर झाली न्हाई. बारावीला थोडक्यात राहिलं. थोडक्यात म्हणजे किती, ते तिनं सांगितलं होतं, मी लक्षात ठेवलं न्हाई मुद्दाम. पण डोक्यात एकच फिरतं, त्या तीन आठवड्यांत जे शिकवलं ते तिचं बुडालं, शेवटच्या बॅचमधून वर यायला तिला चार महिने लागले, तर ते राहिलेले मार्क माझेच का. मी तिला विचारलं एकदा. ती म्हणाली, आई, तसं नसतं गं. मी हाव म्हणलं. पण भांडी घासताना येतंच मनात.

नर्सिंगला लागली. आज नांदेडला सरकारी दवाखान्यात हाय, लहान लेकरांच्या वार्डात. उदगीरचं स्थळ गेलं, दुसरं आलं, नवरा समजूतदार मिळाला. हे अजून मोजतात, आता मनीचं आणि तिच्या लेकराचं बोट आधी दुमडतात. पोराच्या घरची माणसं मोजायला घेतली की बोटं पुरत न्हाईत, मग माझी मागतात.

आता आमच्या गावात टॉवर झालाय, शाळेच्या मागं. घरात रेंज, चुलीपाशी रेंज. जुन्या गावाकडं आईतवारी कुणी जात न्हाई. फोन माझ्या हातात हाय, माझा स्वतःचा, मनीनं घेऊन दिलेला, त्यात तोंडबी दिसतं. तुम्ही म्हणाल आता निवांत झालं असंल. कुठलं निवांत. तवा आठवड्यातून एकदा वाट बघायची होती, आता दिवसभर बघते. सकाळी तिनं फोन केला होता, म्हणाली आई एक लेकरू सिरीयस हाय, त्याची आई बाहेर बसलीय, मी मग करते. मी म्हणलं माझं राहू दे, तू त्या बाईकडं बघ, तिला सांग आत काय चाललंय, नुसतं बसवू नका तिला. ती म्हणाली, हाव आई, तेच करायला चाललेय.

दुपार झाली. अजून आला न्हाई. करंल.